साठाव्या पानावरचा ठिपका

लायब्ररीत काम करणाऱ्यानं कोण काय वाचतं ते बाहेर बोलू नये, असा आमच्या वरदन सरांचा नियम आहे. मला तो पाळणं जड गेलं नाही, कारण मी तशीही फारशी बोलत नाही. सहा वर्षं झाली या कामाला. चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलममधले कोणते आजोबा प्रेमकथा वाचून डोळे पुसतात आणि शाळेत पोरांना धाक दाखवणाऱ्या कोणत्या बाई भुताची गोष्ट वाचल्याशिवाय दुपारची झोप घेत नाहीत, ते मला ठाऊक आहे आणि माझ्यापाशीच राहील. ही एक गोष्ट मात्र मी परवानगी घेऊन सांगते आहे.

"लिही की," त्या म्हणाल्या. "माझं नाव घालूं नको. अंबुजा घाल. मज लहानपणीं तें नाव हवं होतं, अक्काला दिलें."

म्हणून या अंबुजाम्मा.

आमची लायब्ररी पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली कॉफीच्या बिया दळून देणारं दुकान. सकाळी दळण चालू झालं की जमीन बारीक थरथरते आणि वास जिन्यानं वर येतो. तीस-पस्तीस वर्षं तो वास पुस्तकांत मुरला आहे. एक सभासद मुलाकडे दिल्लीला गेले, तिथून त्यांनी फोन करून सांगितलं की, इथली पुस्तकं उघडली की नुसती अक्षरं दिसतात, दुसरं काही येत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्रावरचा वारा आमच्यापर्यंत पोचतो, थकलेला. तो आला की पंख्याखालची पानं आपोआप उलटतात, आणि कपाटांमधल्या अरुंद जागेत उभी असलेली माणसं आपण कुठे आहोत ते विसरल्यासारखी दिसतात. मला या नोकरीत सगळ्यांत आवडलेली वेळ ती.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, पहिली सहा वर्षं नाशिकला आणि पुढचं चेन्नईत. बाबा गाड्यांच्या कारखान्यात आहेत, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही आलो. शाळेत मी इंग्रजी रहस्यकथा वाचून मोठी झाले. मराठी घरात बोलायची, वाचायची नाही. कॉलेज संपल्यावर "पुढं काय" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि लायब्ररीच्या दारावर 'दुपारसाठी मदतनीस हवी' अशी चिठ्ठी होती. वरदन सरांनी मुलाखतीत एकच विचारलं, "रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतेस का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग उद्यापासून ये."

नव्या माणसाला वाटतं की हे काम म्हणजे शांत बसून वाचायचं. वाचायला मिळतं, पण आधी पुस्तक जगवावं लागतं. इथली हवा ओलसर. पावसाळा आमच्याकडे ऐन दिवाळीला येतो, तेव्हा पुस्तकं पोळीसारखी फुगतात. त्यांना पंख्याखाली उभं उघडून ठेवायचं, उन्हात घालायचं नाही, नाहीतर पाठ तडकते. कपाटात वाळलेला कडुनिंब ठेवायचा आणि तो दर दोन महिन्यांनी बदलायचा. खाकी कव्हर घालताना कोपरा दुमडून आत घ्यायचा, चिकटपट्टी लावायची नाही. तमिळ साप्ताहिकांत क्रमशः आलेल्या कादंबऱ्या लोकांनी पानं कापून, शिवून घरी बांधून घेतलेल्या असतात. माणूस गेला की मुलं त्या आमच्याकडे आणून देतात. त्यांत मधेच एखाद्या साबणाची जाहिरात येते. नायिका विहिरीकडे धावते आहे आणि पान उलटलं तर साबण. जुन्या वाचकांना तो साबणसुद्धा हवा असतो.

सरांनी सगळ्या पुस्तकांचे चारच भाग केले आहेत आणि कपाटांवर तशा पाट्या आहेत: खून, लग्न, भूत, इतर. कोणी हसलं की सर म्हणतात, "माणसाला वाचावंसं वाटतं ते पहिल्या तिनांत आहे. वाचायला हवं असं वाटतं ते चौथ्यात." कविता अर्थातच 'इतर'मध्ये. 'इतर'च्या अगदी खालच्या फळीवर वीस-बावीस मराठी पुस्तकंही होती. बदलीवर आलेली महाराष्ट्रातली कुटुंबं परत जाताना ठेवून गेलेली. त्यांना हात लावणारे आम्ही तीन-चारच.

सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की वाचणारा पुस्तकाकडून नेहमी गोष्टच मागतो असं नाही. तिरुवल्लिकेणीत एकट्या पुरुषांना खोल्या देणाऱ्या जुन्या इमारती आहेत, त्यांना तिथं मॅन्शन म्हणतात. तिथून एक गृहस्थ दर शनिवारी बस बदलून येत आणि 'लग्न' कपाटातली चार पुस्तकं नेत. वर्तमानपत्रात गुंडाळून. एकदा धीर करून मी म्हटलं, "सर, तुमच्या जवळ पण लायब्ऱ्या असतील ना?" ते म्हणाले, "आहेत. तिथं मला सगळे ओळखतात." दुसऱ्या एक बाई फक्त खून वाचत, का तर त्यात सगळ्यांना शेवटी एका खोलीत बसवून कोणीतरी नीट समजावून सांगतं. "आमच्या घरात कधी झालंय का असं?" त्या विचारत. मलाही रहस्यकथा त्याचसाठी आवडत असाव्यात. मी घुमी आहे. जिथं प्रत्येकाला शेवटी बोलावंच लागतं अशी गोष्ट मला लांबून बघायला बरी वाटते.

कवितेची पुस्तकं मात्र वेगळी वागतात. ती एकतर दुसऱ्याच दिवशी परत येतात, नाहीतर येतच नाहीत. त्यांच्याबद्दल तक्रार कधी येत नाही, कारण त्यांचा शेवट कोणी फोडू शकत नाही. दुपारी गर्दी नसली की मी त्या खालच्या फळीवरचं एखादं मराठी पुस्तक काढून बसायची. इंग्रजी मी धावत वाचते, वाक्य संपायच्या आत पुढचं दिसतं. मराठी वाचताना मला जोडाक्षरापाशी थांबावं लागायचं, ओठ हलायचे, मग ऐकू यायचं की हे तर आई म्हणते तसंच. दुपारभरात दोन पानं. मंद वाचणाऱ्याला कविता बरी. तीही घाई करत नाही.

असंच ओठ हलवत वाचत असताना अंबुजाम्मांनी मला पहिल्यांदा पकडलं.

"काय ग, मराठी की तू?"

मी दचकून उभी राहिले. समोर पांढऱ्या केसांच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमकी घातलेल्या, कांजीवरम नेसलेल्या बाई. मी त्यांना तमिळच समजत आले होते.

"हो. तुम्हीपण?"

"आम्ही तंजावरचे. तुज्या आजीच्या आजीआधीं आलों इकडे." मग पुस्तकाकडे बघून, "वाचतेस कीं जप करतेस?"

त्यांची मराठी मला फार जुन्या पेटीतून काढल्यासारखी वाटायची. मध्येच तमिळ हेल, मध्येच 'अय्यो', लाडात आल्या की 'कण्णा'. माझी मराठी त्यांना कशी वाटायची तेही त्यांनी सांगितलं होतं. "रेडिओसारखी." त्या यायच्या सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चारला, आणि घ्यायच्या फक्त खून. मला हळूहळू त्यांची वाट बघायची सवय लागली. मी मात्र ते कधी म्हटलं नाही.

त्यांची एक लकब होती, आणि इतर जुन्या सभासदांचीही. कपाटातून पुस्तक काढायचं, मधलं एखादं पान उघडायचं, तिथं क्षणभर बघायचं आणि पुस्तक परत ठेवायचं किंवा काखेत घ्यायचं. मला वाटायचं, टाइप किती बारीक आहे ते बघत असतील.

आता माझ्या चुकीकडे येते.

मला कामाला लागून सात महिने झाले होते. सर दोन महिने मुलीकडे परदेशी गेले आणि लायब्ररी माझ्यावर सोपवली. एक दिवस पुण्याहून नुकताच इथं सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेला मुलगा पुस्तक घेऊन तावातावानं जिना चढला.

"मॅडम, हे काय आहे? साठाव्या पानावर डॉक्टरच्या नावाखाली पेन्सिलीनं ठिपका केलाय. म्हणजे खुनी कोण ते सांगूनच टाकलं ना!"

"सॉरी," मी म्हटलं.

"सॉरी काय? मी पुढची दीडशे पानं त्या डॉक्टरवर डोळा ठेवून वाचली. आणि खुनी निघाला माळी! म्हणजे फोडायचं तर फोडायचं, वर चुकीचं फोडायचं!"

त्याला हसू येत होतं की राग, ते मला कळलं नाही. मला फक्त एवढंच समजलं की माझ्या ताब्यात असताना तक्रार आली. मी 'खून' कपाट उघडून बघितलं, तर जवळजवळ प्रत्येक जुन्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा. कुठं सतराव्या पानाच्या आकड्याभोवती गोल, कुठं चांदणी, कुठं समासात इवलंसं त्रिशूळ. अकराव्या पानावर कित्येक ठिकाणी चार ठिपके आणि त्यांच्याभोवती फिरवलेली एक रेघ, इथं दारात रांगोळीचं कोलम काढतात तशी, पण तांदळाच्या दाण्याएवढी. आणि साठाव्या पानावर कोणाच्या तरी नावाखाली एक ठिपका. आमच्या शाळेत पुस्तकात पेन्सिल लागली तर दंड होता. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही पुस्तकात माझी एक रेघसुद्धा सापडणार नाही.

मी पांढरा मऊ खोडरबर आणला आणि रंगाचा ब्रश. पान तळहातानं दाबून धरायचं, शिवणीकडून बाहेरच्या बाजूला एकाच दिशेनं खोडायचं, म्हणजे कागद चुरगळत नाही. मग कीस ब्रशनं झटकायचा. तीन आठवडे रोज दुपारी मी तेच केलं. तो वारा यायचा, खालून कॉफीचा वास, आणि माझ्या हाताखाली पान कोरं होत जायचं. खोटं कशाला बोलू, फार सुख वाटलं. कोलम आणि चांदण्या हलक्या हातानं काढलेल्या होत्या, फुंकरीसारख्या निघून गेल्या. साठाव्या पानावरचे ठिपके तेवढे चिवट होते, खोडरबर त्यांच्यावर अडखळायचा. 'खून'ची दोन्ही कपाटं स्वच्छ झाली. 'इतर'ला मी हात लावला नाही, तिथून तक्रार येणार नव्हती.

मग सभासद एकेक करून गोंधळायला लागले. एका निवृत्त मास्तरांनी नेलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आणलं. "हे मी वाचलंय. पण माझी खूण कुठाय?" तेव्हा कुठं मला समजलं की त्या साऱ्या सह्या होत्या. प्रत्येक जुन्या वाचकाचं एक ठरलेलं पान आणि एक ठरलेली खूण. वाचून झालं की ती करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. शेकडो खून वाचलेल्या माणसाला कुठला खून आपण वाचला ते कसं आठवणार? हे कोणी मला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना ते माहीतच होतं. मास्तरांना मी म्हटलं, "पान खराब झालं असेल, सर." मास्तर डोकं खाजवत गेले.

अंबुजाम्मा गुरुवारी आल्या. एक पुस्तक काढलं, उघडलं, मिटलं. दुसरं. तिसरं. मग टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "कण्णा, ह्यांत साठाव्या पानावर ठिपका होता. तुज दिसला काय?"

तेव्हा सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी म्हटलं, "नाही, अम्मा."

"सेरि," त्या म्हणाल्या. बरं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं, दुसऱ्या पुस्तकाबद्दल. मी पुन्हा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं बोलणं सोपं जातं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी त्या नवा चष्मा करून आल्या आणि 'खून' कपाटापाशी उभ्या राहून साठावं पान बोटानं चाचपत राहिल्या, दिवा गेल्यावर भिंत चाचपतात तशा. काही न घेता गेल्या. त्यानंतर दोन वेळा आल्याच नाहीत.

मग आल्या त्या मुलाबरोबर. रघू हा त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. घाईत असलेला, सभ्य, दमलेला माणूस. आई कपाटाकडे गेल्यावर तो माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला.

"एक विचारू? माझे वडील आणि आई एकाच कार्डावर पुस्तकं न्यायचे. वडील आधी वाचायचे आणि साठाव्या पानापर्यंत पोचले की ज्याच्यावर संशय आहे त्याच्या नावाखाली ठिपका करायचे. मग आई वाचायची आणि संपल्यावर दोघं भांडायचे. दहात सात वेळा ते चुकायचे. ते गेल्यापासून आई तीच जुनी पुस्तकं पुन्हा नेते, ठिपके बघायला. आता म्हणते, ठिपके दिसत नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत. मग कधी म्हणते, ते होते की मीच कल्पना केली? मला भीती वाटते. या वयात असं सुरू होतं. घर बंद करून तिला माझ्याकडे न्यायचं ठरवतोय. तुम्ही रोज इथं असता म्हणून विचारतो. असे ठिपके खरंच होते?"

खाली दळण चालू होतं. टेबलावरचा माझा ग्लास थरथरत होता. अंबुजाम्मा कपाटाआडून ऐकत होत्या, मला त्यांच्या साडीचा काठ दिसत होता.

"होते," मी म्हटलं. मग मराठीत, कपाटाच्या दिशेनं, "अम्मा, होते. मी खोडले. सगळे. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

साडीचा काठ हलला नाही. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," त्या रघूला तमिळमध्ये म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "सगळे?"

"हो."

"एकही नाही ठेविलास?"

रघू काहीतरी कडक बोलणार होता, त्यांनी हातानंच थांबवलं. "चल," म्हणाल्या. जिन्यात त्यांचा हात कठड्यावर सरकत गेल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

पुढचे दोन सोमवार आणि दोन गुरुवार चार वाजले आणि गेले. सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "'खुणा पुसू नका' अशी पाटी मी दारावर लावायला हवी होती." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

एका दुपारी मी 'खून' कपाटातलं एक पुस्तक घेऊन खिडकीत बसले, वाचायला नव्हे, नुसतं साठावं पान बघत. आमची खिडकी पश्चिमेची आहे. उतरतं ऊन पानावरून आडवं आलं, आणि 'वकील' या शब्दाखाली एक बारीक सावली दिसली. मी पान हलवलं, सावली गेली. पुन्हा तिरपं धरलं, आली. बोट फिरवलं. खड्डा. इतका लहान की डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळत होता. खोडरबर अडखळायचा तो यामुळेच. शिसं गेलं होतं, दाबलेला कागद दाबलेलाच राहिला होता.

मी आणखी पुस्तकं काढली. सगळ्यांत नाही सापडला. पुष्कळांत सापडला. पण अकराव्या पानावरचे कोलम कितीही तिरपे धरले तरी दिसेनात.

मी कोणाच्या घरी न बोलावता जात नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसालासुद्धा मी फाटकापर्यंत जाऊन परत आलेली मुलगी आहे. त्या दिवशी मी पिशवीत तीन पुस्तकं भरली आणि दोन गल्ल्या चालत अंबुजाम्मांच्या दारात गेले. उंबऱ्यापुढं कोलम होतं, चार ठिपके आणि त्यांच्याभोवती एक रेघ. ते ओलांडायला माझं पाऊल उचलेना. मी तिथंच उभी होते, तर आतून आवाज आला, "पुसायला आलीस कीं काय?"

"नाही, अम्मा. दाखवायला."

त्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जवळ उघडी बॅग होती, अर्धी भरलेली. पुस्तक उघडून तिरपं धरलं आणि त्यांचं बोट घेऊन त्या शब्दाखाली ठेवलं. माणसाचा हात असा आपणहून धरायची मला सवय नाही. त्यांचं बोट कोरडं आणि हलकं होतं. ते थांबलं, थोडं मागं गेलं, परत आलं.

"हें त्यांचंच," त्या म्हणाल्या. "ऑफिसांत चार कार्बन घालून लिहीत. घरीं किराण्याची यादी लिहिली तरी खालच्या टेबलावर उठे." मग वाचून, "वकील! अय्यो, वकील नव्हताच तो. मी किती सांगितलें, ती धाकटी भावजय. ऐकिलें नाही."

दुसऱ्या पुस्तकात ठिपका मोलकरणीखाली होता. तिथं ते बरोबर होते, आणि अंबुजाम्मांना ते अजूनही मान्य नव्हतं. तिसऱ्यात त्यांनी स्वतःच, मी न दाखवता, शोधला. मग अकरावं पान उघडून बोट फिरवलं. मी बघत होते. त्या बराच वेळ शोधत होत्या.

"माझं नाही राहिलें," त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही. "मी हलकंच काढी. पुस्तक परक्याचं, म्हणून."

त्या रविवारी त्यांनी रघूला फोनवर काय सांगितलं ते मला नंतर कळलं. 'दोन कपाटं पुन्हा चाचपायची आहेत, एवढ्यात येता येणार नाही.' तो हल्ली येतो तेव्हा मला "हॅलो" म्हणतो, पण सावधपणे.

त्या संध्याकाळी निघताना मी पुस्तकं पिशवीत भरत होते, तर आधीपासून आत असलेलं चौथं पुस्तक त्यांना दिसलं. मी वाचत होते तो मराठी कवितांचा पातळ संग्रह.

"हें अजून आहे?" त्यांनी ते ओढून घेतलं. "हें मी नेलेलं. रघू शाळेत होता तेव्हां. आम्ही दोघांनीं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून हीं अक्षरं येत. अर्धं कळलें, अर्धं नाही. पण घरचीं माणसं बोलताहेत असं वाटलें." त्यांनी अकरावं पान उघडलं. चार ठिपके, एक रेघ. फिक्कट, पण शाबूत. 'इतर'ला मी हात लावला नव्हता.

त्यांनी ते कितीतरी वेळ बघितलं. मग सवयीनं साठावं पान शोधायला गेल्या. पुस्तक छप्पन्न पानांतच संपलं.

"तेही वाचायचे का?" मी विचारलं.

"छे! कविता? त्यांत मरतं कोण, म्हणून विचारीत. मीं वाचीत असतां पंखा बंद करून पुसत बसत, चिडवायला."

तेव्हा मला काहीतरी आठवलं. "थांबा," मी म्हटलं आणि पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं. मागच्याच आठवड्यात, शेवटून तिसऱ्या कवितेत, ओठ हलवत जाताना मी एका शब्दापाशी अडखळले होते. तिथं खाली एक ठिपका होता. मला तो छपाईतला वाटला होता, शाई सांडल्यासारखा. मी ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. आता बघितलं तर ती शाई नव्हती. पेन्सिल होती, काळी, खोल दाबलेली. पान उलटून पाठीमागून बोट लावलं तर बारीक फोडासारखी लागत होती.

ती साधी कविता आहे. घरात दिवेलागण झाली आहे, कोणीतरी कोणाची तरी वाट बघतं आहे, एवढंच. ठिपका 'तू' या शब्दाखाली होता.

अंबुजाम्मांनी नवा चष्मा काढला आणि पान अगदी डोळ्यांजवळ नेलं. ओठ हलवत सगळी कविता वाचली, माझ्यासारखीच, जप केल्यासारखी. खालच्या रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली. वारा आला, पान उलटायला लागलं, त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं.

"बघ," शेवटी त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसण्याचा होता, पण पुरता नाही. "इथंसुद्धा संशय माझ्यावरच."

पुस्तक त्यांनी मिटलं नाही. ते तसंच उघडं खुर्चीवर ठेवून त्या माझ्यासाठी कॉफी करायला आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला, मग आमच्या लायब्ररीचा वास. आणि मग आतून, मोठ्यानं, "पोरी, पिशवींत खोडरबर नाहीं ना तुज्या?"

"नाही, अम्मा," मी म्हटलं, आणि यावेळी ते खरं होतं.